पाळी कुणाची?

(पालकांनी मिळून चालवलेली बालवाडी निवडताना काय बघावं, या विषयावर आपल्या गटाच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या चार-पाच मित्रांनो,

मला दिलेला विषय साधा दिसतो. तीन वर्षांचं मूल आहे. त्याला पालकांनी सहकारी पद्धतीने चालवलेल्या बालवाडीत घालायचं का, आणि घालायचं तर काय बघून. समुपदेशन केंद्रात समोर बसलेली बाई नवऱ्याचं, सासूचं, कोर्टाच्या तारखेचं सगळं बोलते आणि उठता उठता विचारते, "ताई, पोराला कुठं घालू?" हा प्रश्न ती शेवटी विचारते, कारण तिला तो खासगी वाटतो, तिचा एकटीचा वाटतो. आपल्या चळवळीने कितीतरी प्रश्न 'खासगी' या शिक्क्याखालून बाहेर काढले. हा अजून अर्धा आतच आहे.

केंद्र सरकारचं २०२४ सालचं वेळ-वापर सर्वेक्षण बघा. १५ ते ५९ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के जणी घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करताना आढळल्या. पुरुष २१.४ टक्के. आणि जे हे काम करतात त्यांच्यातही बाई दिवसाची सुमारे १४० मिनिटं देते, पुरुष ७४. म्हणजे मुळात करणारे पुरुष निम्मे, आणि त्यांचा वेळही निम्मा. बालवाडी निवडताना ही चार आकडे मनात असू द्या. बालवाडीच्या दारात चपला काढताना हे आकडे काही बाहेर राहत नाहीत, आत येऊन बसतात.

पालक-बालवाडी म्हणजे काय, ते आधी सांगते. वीस-पंचवीस घरं एकत्र येतात. जागा भाड्याने घेतात. एक शिकलेली, अनुभवी ताई पगारावर नेमतात. बाकीचं काम, म्हणजे वर्गात मदतीला बसणं, खाऊ, झाडलोट, हिशेब, मोडकी खेळणी दुरुस्त करणं, हे घराघरांत वाटून घेतात. मालक कुणी नाही. फी, वेळ, सुट्ट्या, शिकवण्याची पद्धत, सगळं पालकांच्या बैठकीत ठरतं. आपल्याकडे अशा बालवाड्या थोड्या आहेत. बऱ्याचदा चार मैत्रिणींनी कुणाच्या तरी पुढच्या खोलीत सुरू केलेला खेळगट हळूहळू हे रूप घेतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत तिची सुरुवात १९१६ साली शिकागो विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पत्नींनी केली असं सांगतात. मुलांना सोबत मिळावी, आपल्यालाही मुलं वाढवण्याचं काही शिकायला मिळावं आणि रेडक्रॉसच्या कामाला वेळ निघावा, असे तिन्ही हेतू होते. न्यूझीलंडमध्ये १९४१ साली, नवरे युद्धावर गेलेले असताना, वेलिंग्टनच्या बायांनी 'प्लेसेंटर' सुरू केलं. तिथे आयांना मुलांच्या वाढीचं रीतसर प्रशिक्षणही मिळायचं, आणि ती चळवळ देशभर पसरली. पुढे बाया पगारी कामाला बाहेर पडू लागल्या तशी तिथल्या मुलांची संख्या घटत गेली. कारण उघड आहे. आईचा सकाळचा वेळ मोकळा आहे, असं गृहीत धरून ती रचना उभी होती.

मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट मात्र बर्लिनची आहे. १९६८ च्या जानेवारीत पश्चिम बर्लिनमध्ये विद्यार्थी चळवळीतल्या बायांनी स्वतःची कृती समिती केली. त्यांत हेल्के झांडर होत्या. चित्रपटाचं शिक्षण घेत होत्या, मूल एकट्या वाढवत होत्या. या सगळ्यांची अडचण अगदी रोजची होती. क्रांतीच्या बैठकीला जायचं तर मूल कुठे ठेवायचं? त्या काळात मोठ्या बाजारांमुळे नाक्यावरची छोटी दुकानं बंद पडत होती. ते रिकामे गाळे त्यांनी भाड्याने घेतले आणि पाळीपाळीने मुलं सांभाळायला लागल्या. म्हणून नाव पडलं 'किंडरलाडन', मुलांचं दुकान. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफुर्टला विद्यार्थी संघटनेच्या अधिवेशनात झांडर यांनी भाषण केलं. मुलं वाढवण्याचा प्रश्न राजकीय आहे, तुम्ही तो घरात कोंडून ठेवलाय, असं सांगितलं. पुरुष नेते त्यावर एक शब्द न बोलता पुढच्या विषयाकडे वळले. तेव्हा सिग्रिड र्‍यूगर या गरोदर असलेल्या कार्यकर्तीने टोमॅटो फेकून मारले. जर्मनीतल्या नव्या स्त्री चळवळीचा इतिहास लिहिताना त्या टोमॅटोंचा उल्लेख टाळता येत नाही.

टोमॅटो आपल्याला आवडतात, पण खरा धडा दुसराच आहे. या मुलांच्या दुकानांची मध्यवर्ती समिती बघता बघता पुरुषांच्या हाती गेली. चर्चा रंगू लागली ती मुलांना धाक न दाखवता कसं वाढवावं यावर. विषय वाईट नव्हता, महत्त्वाचाच होता. पण बाईला वेळ हवा म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तिच्यातून बाईचा वेळ गळून गेला. झांडर यांची पुढे हीच तक्रार राहिली. पालक-बालवाडीत आजही हेच होतं. शिक्षणाच्या ध्येयावर पत्रक निघतं, माती, रंग, निसर्ग, मुक्त खेळ, सगळं सुंदर. आणि हे कुणाच्या सकाळी खर्चून होणार, ते पत्रकात नसतं.

म्हणून मी सांगते, पहिल्या भेटीत पत्रक बाजूला ठेवा आणि पाळीचा तक्ता बघायला मागा. हसू नका. शेताला पाण्याची पाळी, नळावरची पाळी आणि महिन्याची पाळी, आपल्या भाषेत एकाच शब्दात आहेत. बालवाडीची पाळीही बहुतेक घरांत त्या तिसरीसारखी बाईलाच येते! मागच्या तीन महिन्यांचे तक्ते मागा आणि बापांची नावं मोजा. नुसती लिहिलेली नावं मोजू नका, प्रत्यक्ष कोण आलं तेही विचारा. "बाबांना अचानक मीटिंग आली म्हणून आई आली" असं किती वेळा झालं? हे ताईंना अचूक माहीत असतं.

पाळीचा हिशेब करून बघू. समजा, २० मुलं आहेत, महिन्याचे २२ दिवस बालवाडी भरते आणि रोज दोन पालक लागतात. झाल्या ४४ पाळ्या. दर घराला दोन, कधी तीन. सकाळी नऊ ते साडेबारा. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला याचा अर्थ रजा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला याचा अर्थ चार घरांत खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. फीमध्ये सवलत दिली म्हणून ही बालवाडी तिला परवडते, असं समितीला वाटतं. तिला ती फीमुळे नाही, पाळीमुळे परवडत नाही.

यावर एक पळवाट सगळीकडे निघते. पाळी करायची नसेल तर तेवढे पैसे भरा. मला ती पटत नाही. सुरुवातीला सोयीची वाटते. वर्षभरात ऐपतवाले पैसे भरून मोकळे होतात आणि पाळीला उरतात नोकरी नसलेल्या चार-पाच आया. मग त्यांची बालवाडी ही फुकटची नोकरी होते. त्यापेक्षा कामांची यादी मोठी करावी. रविवारी खेळणी धुणं, संध्याकाळी हिशेब लिहिणं, सुतारकाम, मंडईतून खाऊचं सामान आणणं, हे सगळं पाळीइतकंच धरावं. एकट्या पालकाच्या घराला निम्म्या पाळ्या असाव्यात. आपल्याला बघायच्या बालवाडीत असा काही नियम लिहिलेला आहे का, ते विचारा. तोंडी सांगितलं तर, लिहून द्या म्हणा.

बापांच्या पाळीबद्दल एक सांगायलाच हवं. मी एका पालक-बालवाडीच्या बैठकींना सल्लागार म्हणून बसते. तिथे दर घराच्या दोन पाळ्यांतली एक बापाचीच, असा नियम आहे. पहिल्या महिन्यात एका मुलीला शी झाली म्हणून पाळीवरच्या बाबाने बायकोला ऑफिसात फोन लावला. मुलगी त्याची स्वतःचीही नव्हती! ताईंनी त्याच्या हातातला फोन घेतला आणि तांब्या दिला. आज तोच माणूस नव्या बापांना शिकवतो. तिथल्या मुलांच्या घर-घर खेळात आता बाहुलीचं दूध गरम करणारा बाबा असतो. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकातून झालं नसतं.

आता पैशाकडे. पुन्हा समजाच धरू. ताईंचा पगार १५,०००, मदतनीस मावशींचा ९,०००, जागेचं भाडं ८,०००, खाऊ आणि सामान ४,०००. एकूण ३६,०००. वीस घरांत भागिले तर घरटी १,८००. पाच घरांनी ८०० च दिले, तर उरलेल्या पंधरा घरांना सुमारे २,१३३ द्यावे लागतील. म्हणजे पंधरा घरांनी महिन्याला साडेतीनशेच्या आत जास्त दिले की पाच घरं आत येतात. हा हिशेब मी मुद्दाम फळ्यावर मांडते, कारण "आम्हाला सगळ्यांना घ्यायला आवडलं असतं, पण परवडत नाही" हे वाक्य मी फार ऐकलं आहे. परवडतं. ठरवलेलं नसतं.

आत येणं मात्र नुसतं पैशाचं नसतं. मित्रमंडळींतून उभी राहिलेली बालवाडी साहजिकच एका सोसायटीची, एका जातीची, एका आहाराची होऊन बसते. कुणी दुष्टपणा केलेला नसतो. प्रवेशाची पाटीच बाहेर लागत नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांनाच कळतं. तेव्हा विचारा, प्रवेश कसे देता? डब्यात अंडं चालतं का? हा दुसरा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर देणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघा. मदतनीस मावशींचं मूल किंवा नातवंड याच बालवाडीत आहे का, हेही विचारा. ऐकायला कमी येणारं, पाय अधू असलेलं एखादं मूल आहे का? नसेल तर कुणी आलंच नाही, की आलेल्याला परत पाठवलं?

ताई हा पालक-बालवाडीचा सर्वांत नाजूक भाग. खासगी शाळेत तिला एक मालक असतो, इथे वीस असतात. एक म्हणतो गाणी कमी घ्या, दुसरी म्हणते अक्षरं घ्या, तिसरा रात्री दहाला व्हॉट्सॲपवर विचारतो, माझ्या मुलाने डबा का संपवला नाही. ताईंना बारा महिने पगार आहे की दहा? आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा? बैठकीत त्या बसतात का, आणि बसल्या तर त्यांना मत आहे का? बायांच्या हक्कांवर बोलणाऱ्या, माझ्या परिचयातल्या एका समितीने ताईंना मे महिन्याचा पगार नाकारला होता, कारण "सुट्टीत काम कुठे असतं?" आपल्याच माणसांचा असा अनुभव आला की फार लागतं. मुलं सांभाळणं हे प्रेमाचं काम, म्हणून त्याला पगार नको, मानधन पुरे, ही समजूत सरकारचीही आहे. अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षं तेच भोगत आल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं सांगितलं, तेही झगडल्यावर.

अंगणवाडीचं नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर. "आपण आपली वेगळी बालवाडी काढतो, म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेकडे पाठ फिरवतो का?" असं काल जेवताना एकीने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी आदिवासी पाड्याच्या अंगणात नेली, ती मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे जाईल या विचाराने. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने केंद्राला नाव दिलं ते अंगणवाडी. तो वारसा आपला आहे. माझं उत्तर इटलीतल्या एका गावाकडे बोट दाखवतं. १९४५ साली युद्ध संपल्या संपल्या रेज्जो एमिलियाजवळच्या व्हिला चेल्ला गावातल्या लोकांनी, त्यांत बायांचा पुढाकार मोठा, पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि बॉम्बने पडलेल्या घरांच्या विटांतून बालशाळा बांधली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ते बघायला सायकलवर गेला आणि त्याच कामाचा झाला. पण तिथल्या बाया स्वतः शाळा चालवून थांबल्या नाहीत. नगरपालिकेने ही जबाबदारी घ्यावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. १९६३ मध्ये नगरपालिकेची पहिली बालशाळा सुरू झाली, आणि १९६७ मध्ये लोकांनी चालवलेल्या शाळाही नगरपालिकेकडे आल्या. पालकांचा सहभाग राहिला, खर्च सार्वजनिक झाला. बर्लिनमध्येही पालकांच्या बालवाड्यांना सरकारी पैसा मिळतो, आणि २०१८ पासून तिथे बालसंगोपन केंद्रांची फीच माफ झाली. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचं बंधन घातलं. आपल्या बहुसंख्य बाया मात्र जिथे काम करतात तिथे पन्नास सोडा, पाच जणीही नसतात. अहमदाबादला 'सेवा'च्या बायांनी संगिनी ही बालसेवेची सहकारी संस्था उभी केली, ती अशाच असंघटित बायांसाठी. तिथली केंद्रं कामकरी आईच्या वेळेप्रमाणे चालतात. तेव्हा, पालक-बालवाडीत जाऊन कुणी अंगणवाडीसाठी भांडायचं सोडलं, तर त्या बालवाडीबद्दल मला शंका येते.

आता एक गोष्ट, जी माहितीच्या कुठल्या कागदावर नसते आणि आपल्या कामामुळे मला फार महत्त्वाची वाटते. बालवाडीतून मुलाला कोण घेऊन जाऊ शकतं?

खासगी शाळेत निदान ओळखपत्र बघतात. पालक-बालवाडीत सगळे एकमेकांचे काका-मावशी. माझ्याकडे आलेल्या एका बाईने मारहाणीला कंटाळून घर सोडलं होतं. मूल तिच्याकडे. नवरा बालवाडीचा सभासद, पाळ्या करणारा, सगळ्यांचा लाडका. तो पाळीच्या दिवशी मुलाला घेऊन गेला आणि चार दिवस परत आणलं नाही. समिती म्हणाली, "आम्ही तुमच्या घरच्या भांडणात बाजू घेत नाही." बाजू न घेणं म्हणजे काय असतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. पुढे ती ज्या बालवाडीत गेली तिथे नियम होता. सभासदत्व मूल ज्याच्याकडे राहतं त्या पालकाचं, नेणाऱ्यांची लेखी यादी त्याने द्यायची, आणि २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा किंवा ताब्याबद्दलचा कोर्टाचा आदेश असेल तर त्याची प्रत फायलीत. तिथे ती निर्धास्त कामावर जाते. असाच लेखी नियम मुलांच्या सुरक्षिततेबद्दलही हवा. पाळीवर येणारा मोठा माणूस मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही, हा त्यातला पहिला. मुलाच्या अंगावर वळ दिसले, मूल काही बोललं, तर कुणाला सांगायचं? लैंगिक अत्याचाराबद्दल २०१२ चा कायदा स्पष्ट आहे. कळलं त्याने कळवायचंच. "आपल्यातलाच आहे, समज देऊ" याला त्यात जागा नाही.

याच्याच जोडीला गुपिताचा प्रश्न. पाळीवर बसलेली आई वीस घरांची मुलं बघते. कुणाचं मूल चावतं, कुणाचं अजून बोलत नाही, कोण म्हणालं की बाबा आईला मारतो. हे दुपारी जिन्यावर पोचतं का? नव्या पालकांना याबद्दल काय सांगता, ते विचारा.

मुलाचं काय, असं तुम्ही म्हणाल. बहुतेक मुलं रमतात. मोठ्यांचे वेगवेगळे हात, आवाज, बोलीभाषा त्यांना मिळतात. मात्र स्वतःच्या आईच्या पाळीच्या दिवशी मूल चिकटतं, रडतं, दुसरं मूल आईच्या मांडीवर बसलं की ढकलतं. पहिले काही महिने हे चालायचंच. ताई हे कसं हाताळतात, ते एक सकाळ कोपऱ्यात बसून बघा. आणि अक्षरांचा वाद. २०२० च्या शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक पायाभूत टप्पा धरला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला. आपल्याकडे ताराबाईंनी हे कितीतरी आधी करून दाखवलं. तरी डिसेंबरमध्ये पहिलीच्या प्रवेशाचं वारं सुटलं की पालकांच्या बैठकीत वह्या येतातच. हा निर्णय मतदानाने होतो, की ताईंच्या शब्दाला इथे वजन आहे?

कायद्याचं थोडक्यात. बालवाडी नोंदलेली आहे का, विचारा. सहकारी संस्था म्हणून नोंदवायची तर महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले निदान दहा जण लागतात. १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात जण पुरतात. नोंदणी नाही म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण पैसे कुणाच्या खात्यात जातात, सह्या किती जणांच्या लागतात आणि गेल्या वर्षीचा हिशेब बघायला मिळेल का, हे विचारल्याशिवाय अनामत भरू नका. वर्षाच्या मध्यात सोडलं तर ती अनामत परत मिळते का, तेही.

निदान तीनदा जा. एकदा सकाळी मुलं असताना. एकदा मुलं गेल्यावर, ताई आणि मावशी झाडलोट करत असतात तेव्हा, त्यांच्याशी बोलायला. आणि एकदा पालकांच्या बैठकीला. तिथे चहा कोण करतं आणि इतिवृत्त कोण लिहितं, बघा. बैठक रात्री साडेआठला असेल, तर त्या वेळी मुलं कुणापाशी ठेवून येता, असं तिथेच, सगळ्यांदेखत विचारा.